वायरची अर्धी पिशवी

कला महाविद्यालयात शिकवायला लागले, तेव्हा माझ्या संशोधनाचा विषय होता घरी हाताने केलेल्या वस्तू आणि त्यांच्या आठवणी. शहराच्या पेरुंगुडी भागातल्या फ्लॅटांमध्ये अनोळखी बायकांसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी बसायची. मला फारसं बोलता येत नाही. पण प्रश्न आपण विचारले, की आपल्याला कुणी विचारत नाही.

आमच्या कपाटावर मात्र प्लॅस्टिकच्या वायरची अर्धी विणलेली पिशवी होती, हिरवी-पांढरी, टोकं लोंबणारी. तिच्याबद्दल लहानपणी विचारलं तर आई "राहिली" एवढंच म्हणाली होती.

एक वस्तू नेऊन तिची गोष्ट सांगायची होती तो कॉलेजचा सेमिनार जवळ आला तशी मला बसवेना. पिशवी खाली काढायची, परत वर ठेवायची. शेवटी आईच वैतागली. "काय गं, मांजरीसारखी घुटमळतेयस? विचार एकदाचं."

मी रेकॉर्डर लावला.

"बाबांची इथे बदली झाली तेव्हा मला तमीळ ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या मामी दुपारी विणायला शिकवायच्या. नळावर बायका विचारायच्या, मुडिंजाच्चा? संपलं का? तेवढं कळायचं. एक दिवस मामींनी माझी वायर अंगठ्याने दाबली नि म्हणाल्या, मुडिच्चु, मुडिच्चु. म्हटलं, झालं, कंटाळल्या. उठले नि घरी आले. मग त्या दाराशी यायच्या, मी सांगायची पूजा चाललीय. पुढे त्या मुलाकडे राहायला गेल्या."

तमीळ मला शाळेत होतं. मुडिच्चु म्हणजे गाठ. मामी गाठ मारायला सांगत होत्या.

गप्प बसता आलं असतं. सेमिनारसाठी याहून चांगली गोष्ट मिळणार नव्हती. पण हॉलमधल्या परक्या लोकांना कळणार आणि आईला नाही, हे काही केल्या मनाला पटेना. मी खुर्चीतून उठले, पंखा वाढवला, परत कमी केला.

"आई, मुडिच्चु म्हणजे गाठ."

"संपलं नाही?"

"नाही. गाठ मार म्हणत होत्या."

आईने पिशवी मांडीवर ओढली. मामींच्या अंगठ्याची जागा शोधावी तशी ती वायर चाचपत राहिली.

"आणि मी आपली त्यांना पूजा सांगतेय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "ते रेकॉर्डिंग बंद कर आधी."

सेमिनारला मी पेरुंगुडीतल्या एका बाईचं मण्यांचं तोरण नेलं.