पडदा तिसऱ्या महिन्यातच मिटतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या आईलाही नाही. आज सांगतेय, पण मान खाली घालून नाही. तेवढं आधीच समजून घ्या.

शिरूरजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. वडगाव रासाईला आमचं एकत्र घर, भीमेकाठची बागायत. धाकटी जाऊ अश्विनी सातव्या महिन्यात होती, तेव्हा सूर्यग्रहण लागलं. फ्लॉवर काढायला आलेला, टेम्पो बांधावर उभा आणि बाया कमी पडलेल्या. अश्विनी मात्र खोलीत दार लावून बसली होती — ग्रहणात पोटुशीनं काही चिरायचं-कापायचं नाही ना! मला हसू आलं. म्हटलं, “अगं, चंद्राची सावली पडते, त्यात बाळाचं काय जातंय? ऊठ.” विळा मीच तिच्या हातात दिला. शेजारच्या मळ्यातल्या मामींनी तिला गड्डे कापताना पाहिलं.

मी चुकले होते का? नाही. आजही छातीठोकपणे सांगेन — नाही!

बाळ जन्मलं ते निळं पडूनच. दौंडच्या दवाखान्यात नेलं, तिथं ते गेलं. डॉक्टर म्हणाले, छाती आणि पोटामधल्या पडद्याला डावीकडे भोक राहिलं होतं. आतडी वर सरकली, फुप्फुसाला वाढायला जागाच मिळाली नाही. मामींनी पाहिलेलं तोवर घरी पोचलं होतं.

“गिराणात इळा धरला हिनं,” सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. “आतल्या आत कापलं गेलं पोर. दुसरं काय व्हनार?”

आता ऐका. सुरुवातीला गर्भात छाती आणि पोट ही एकच पोकळी असते. मग पुढून, मागून, बाजूंनी घड्या वाढत येतात, एकमेकींना भेटतात आणि मध्ये पडदा तयार होतो. डावी बाजू जरा उशिरा मिटते, पण तीही तिसऱ्या महिन्यात. मिटायचं राहून गेलं, तर तेव्हाच राहतं. अश्विनीनं विळा धरला त्याच्या कितीतरी आधी ते भोक तिथं होतं. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्या दिवशी मला एवढंच बोलायचं होतं.

नाही बोलले. का? सासूबाईंना घाबरून? छे — मी कुणाला घाबरत नाही. पण तोंड उघडलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — हिला शेतात धाडलं कुणी? घरातली शिकलेली बाई मी, सगळे माझ्या शब्दाला मान देतात. तो मान मला जपायचा होता. अश्विनीपेक्षा जास्त? हो. जास्त.

अश्विनीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझं नाव तिनं घेतलं नाही — तेव्हाही नाही, त्यानंतरही नाही.

तिला वाटतं, स्वतःचं लेकरू आपणच कापलं. परवा मी सहज विळी पुढं केली, तर हात मागं घेऊन म्हणाली, “नगं ताई, तुमीच चिरा. माझा हात चांगला न्हाई.”

मी विळी माझ्याकडे ओढली आणि भाजी चिरत बसले.