औदुंबराभोवतीची तार

माळीबुवांनी जाताना सांगितलं, "ताई, पिंपळगावला पॅकहाउसमध्ये काम लागलंय, लय बरं हाय." द्राक्षांचा हंगाम चालू होता, त्यांना नको कसं म्हणणार? पण आमच्या देवळाली कॅम्पातल्या बंगल्यापुढची हिरवळ त्यानंतर अशी वाढली, की बेडकाने तिच्यात घर केलं. मी फोनवर भावाकडे कुरकुर केली. तो पुण्यात बसून कुठल्याही अडचणीवर यंत्र मागवतो. आठवड्याभरात दारात एक खोकं येऊन पडलं.

त्यात गवत कापणारं यंत्र होतं, आपलं आपण फिरणारं. सोबत हिरव्या तारेचं मोठं भेंडोळं आणि प्लास्टिकच्या खुंट्यांची पिशवी. ही तार हिरवळीच्या कडेने जमिनीवर ठोकायची, तिची दोन्ही टोकं यंत्राच्या चार्जिंगच्या डब्याला जोडायची. तारेतून बारीकसा प्रवाह जातो आणि यंत्र तिच्यापाशी आलं की मागे वळतं.

"दिसतं कसं ते?" बाबांनी विचारलं. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते.

"कासवासारखं. काळं, चपटं."

"मग ठीक आहे. देवापुढे कासव असतंच."

बाबांचे डोळे काचबिंदूने गेले, त्याला दोन वर्षं झाली. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस, फळ्यावर हाताने वर्तुळ काढलं तर मुलं कंपास लावून तपासायची आणि हरायची. डोळे गेल्याचं त्यांनी फार बोलून दाखवलं नाही. मात्र हिरवळीच्या मधे असलेल्या औदुंबराला ते रोज सकाळी प्रदक्षिणा घालायचे, ती बंद झाली. झाडाखाली दत्ताच्या पादुका आहेत, भोवती विटांचं बुटकं कडं. मी किती वेळा म्हटलं, चला, मी हात धरते. एकदा आले. परत येऊन म्हणाले, "तू हात धरून घातलेली प्रदक्षिणा तुझी झाली. माझी नाही." त्यानंतर आलेच नाहीत. सकाळी आंघोळ करून त्या खुर्चीत बसायचे, झाडाकडे तोंड करून, आणि मला ते बघवत नसे. रागही यायचा. एवढा कसला ताठा, असं वाटायचं.

तर तार. आमच्याकडे नवीन कुकरलासुद्धा कुंकू लागतं, तेव्हा यंत्राला नारळ फुटला. मग बाबांनी व्हरांड्यातून हुकूम सोडला, "डब्याकडे तोंड करून उजवीकडे निघ. हिरवळ उजव्या हाताला ठेव." मी वाकून खुंट्या ठोकत निघाले. कंबर बोलायला लागली. पलीकडे रेंजवर तोफांचा सराव चालू होता, दर आवाजाला खिडकीची तावदानं थरथरायची आणि माझा हातोडा बोटावर बसायचा. झाडाच्या समोर आल्यावर तार आत वळवायची होती, झाडाला वेढा घालून परत कडेला आणायची, म्हणजे यंत्र पादुकांवर जाणार नाही. तिथेही मी झाड उजव्या हाताला ठेवूनच फिरले. औदुंबराभोवती दुसरीकडून कोण फिरतं? परत येताना येणारी तार जाणाऱ्या तारेवरून ओलांडून न्यावी लागली. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

दिवा हिरवा लागला. यंत्र डब्यातून मागे सरकलं, वळलं आणि निघालं. आणि खरं सांगते, माझं तोंड उघडं राहिलं. ते सरळ गुलाबाच्या वाफ्याकडे गेलं. आता गेले माझे गुलाब, असं म्हणेपर्यंत तारेपाशी थांबलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि तोंड फिरवून दुसरीकडे चालू लागलं. तिथे भिंत नाही, दोरी नाही, काही नाही. जमिनीवरची एक बारीक तार, आणि तिच्यात काय वाहतंय ते मला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. मी बाबांना सगळं धावतं वर्णन करून सांगत होते. ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

तेवढ्यात ठक्क आवाज झाला. यंत्र औदुंबराच्या कड्यावर जाऊन आपटलं होतं. मागे आलं, पुन्हा आपटलं. बाबा म्हणाले, "कासवाने देवासमोर बसायचं असतं, अंगावर जायचं नसतं. सांग त्याला."

मी यंत्र बंद करून कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस शांत होता. म्हणाला, "मॅडम, झाडाजवळ तार क्रॉस झालीय. क्रॉस झाली की झाडसुद्धा आतच आहे असं मशीनला वाटतं. बाहेरून जसं फिरलात त्याच्या उलट झाडाला फिरा. मग जाणारी-येणारी तार शेजारी शेजारी राहील, दोघींचा सिग्नल एकमेकींना खोडेल आणि मशीन त्यांच्यावरून जाईल."

"उलट?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "त्या झाडाला उलटा फेरा पडणार नाही."

"बाबा, ही तार आहे. प्रदक्षिणा नाही."

"तू पायाने चालणार ना? मग प्रदक्षिणाच आहे."

मी चिडले. म्हटलं, मग राहू दे गवत, वाढू दे डोक्याएवढं! आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. चहा घेऊन बाहेर आले तर बाबांनी आपल्या पायजम्याची जुनी नाडी शोधून आणून मांडीवर मोठ्या गोलात पसरली होती. मधे चष्म्याची डबी. नाडी गोलातून आत नेऊन डबीभोवती फिरवत होते, सोडत होते, पुन्हा फिरवत होते, फक्त बोटांनी. मी चहा हातात धरून उभी राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर फळ्यापुढचा तो जुना भाव होता, प्रमेय सुटायच्या आधीचा. कितीतरी दिवसांनी दिसला.

"कुठल्या टोकाकडून निघाली होतीस?"

"डब्याच्या उजवीकडच्या."

"आता डावीकडच्या टोकाकडून निघ. हिरवळ डाव्या हाताला येईल. हिरवळीला उलटं गेलं तर चालतं, तिच्यात देव नाही. झाडापाशी आलीस की तिथला वेढा सोडव, आणि झाड उजव्या हाताला ठेवून घाल. तार ओलांडावी लागणार नाही."

फोनवरचा माणूस सांगत होता तोच वेढा. तारेला काय, कुठून निघालात याच्याशी देणंघेणंच नव्हतं. उलट की सुलट, ते चालणाऱ्याने ठरवायचं होतं.

त्यांनी सांगितलं तसं केलं. झाडाकडे जाणारी आणि परतणारी अशा दोन तारा बोटभर अंतराने एकमेकींच्या शेजारी बसल्या. कुठेही ओलांडणं नाही. यंत्र सोडलं तर ते त्या जोडतारेवरून खुशाल पलीकडे गेलं, आणि झाडाच्या वेढ्यापाशी आलं तेव्हा थांबून वळलं. पादुकांपुढून मागे फिरलं. मी हात जोडले, कोणाला ते माहीत नाही.

"नीट बसलीय का, बघू दे," बाबा म्हणाले. म्हणजे काय बघणार होते ते! पण यंत्र डब्यात परत पाठवून बटण बंद केलं आणि त्यांना खाली आणलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. त्यांनी चपला काढल्या आणि चाचपत पाऊल पुढे टाकलं. तळव्याखाली तार आली.

ते थांबले. अंगठा तारेवरून पुढे सरकवला, मागे घेतला, पुन्हा सरकवला. एक पाऊल टाकलं. दुसरं. मग खांद्यावरचा हात उठला.

मी पुढे होणार होते, पण पाय हललेच नाहीत. बाबा एकटे चालले होते. संथपणे, दर पावलाला तार चाचपत, गुलाबाच्या कडेने, कोपऱ्यावर तार वळली तसे वळत. झाडासमोर आले तिथे पायाला दोन तारा लागल्या. त्यांना ते कळलं, कारण ते हसले. डावीकडे वळून जोडतारेवरून सरळ औदुंबरापर्यंत गेले. झाड उजव्या हाताला ठेवून फेरा घातला. मग खाली वाकून कडं हाताने शोधलं, पादुकांना हात लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मी इकडे डोळे पुसत होते. रेंजवर तोफ उडाली, दोघंही दचकलो नाही.

आता गवताने तार पार गिळून टाकली आहे. मला ती शोधूनही सापडत नाही. ती यंत्राला कळते, नाहीतर बाबांच्या तळव्यांना. रोज सकाळी विचारतात, "कासव झोपलंय ना?" मी यंत्र बंद आहे याची खात्री करून हो म्हणते, आणि ते चपला काढून निघतात.

परवा त्यांची प्रदक्षिणा झाल्यावर मला काय लहर आली कोण जाणे. चपला काढल्या, डोळे घट्ट मिटले आणि त्यांच्यासारखी तार चाचपत निघाले. गुलाबांपर्यंत लागत होती, मग गेली. इकडे पाय टाकला, तिकडे टाकला, नुसतं गवत. डोळे उघडायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण आपण कुठे उभे आहोत तेच कळेना आणि खरोखरीची भीती वाटली. काटा टोचला तशी मी ओरडले.

व्हरांड्यातून बाबा उठल्याचा आवाज आला. तारेवरून पावलं टाकत ते माझ्या जवळ येऊन थांबले.

"हात देऊ का?" त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हटलं, "द्या."