खंडेनवमी आणि फॅरडेचा पिंजरा

“म्हातारं झालंय तुमच्या कंपनीचं मशीन,” रेखाकाकू म्हणाल्या. स्क्रीनवर एका मेंदूचा फोटो होता आणि त्यावर, बरोबर ट्यूमरच्या मधून, ठिपक्यांची पांढरी रेघ.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं हे स्कॅन सेंटर काकूंचं. त्या मूळच्या नागपूरच्या, रेडिऑलॉजिस्ट. मी एमआरआय मशीन दुरुस्त करणारा सर्व्हिस इंजिनिअर. बाहेर स्कूल बस चालवणारी लिंडा बसली होती; फोटोतला मेंदू तिचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं, आणि स्कॅन स्वच्छ आल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हता. दुसरीकडे पाठवायचं तर इन्शुरन्सचं अप्रूव्हल नव्याने. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

“डोक्याभोवतीची कॉइल बदलून बघ ना.”

“कॉइल ओके आहे, काकू. बाहेरचा रेडिओ सिग्नल आत येतोय.”

एमआरआयची खोली म्हणजे बाहेरचे सिग्नल अडवायला तांब्याच्या पत्र्याने मढवलेला बंद डबा. त्याला फॅरडे केज म्हणतात. फॅरडे लोहाराचा मुलगा. आधी पुस्तकबांधणी शिकला, पुढे चुंबक हलवून वीज निर्माण करून दाखवली. एकदा त्याने खोलीएवढा पिंजरा बांधला, स्वतः आत बसला आणि बाहेरून पिंजऱ्याला वीज द्यायला लावली. आत काही पोचलं नाही. आमच्या खोलीत पोचत होतं, याचा मला रागच आला.

मी आत उभा राहून दार लावायला सांगितलं. दाराच्या कडेला तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात. त्या चौकटीला टेकल्या की डबा बंद. वरच्या कोपऱ्यात टेकत नव्हत्या. मध्ये जरीचा दोरा अडकला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. फुकटचा अँटेना.

दार उघडलं. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला झेंडूची फुलं होती.

“काकू, हे काय?”

“आज खंडेनवमी. घरी गाडीची पूजा करतो, मग या मशीनची नको? तोरण तर मुद्दाम लिंडासाठी बांधलं. तिचा स्कॅन सुरू व्हायच्या आधी.”

“तेच तिच्या ट्यूमरवर रेघ मारतंय.”

मला वाईट वाटलं, पण पर्याय नव्हता. काकू स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या. गाठ सुटेना, तेव्हा दोरा दाताने तोडला.

लिंडाला पुन्हा आत घेतलं. रेघ गेली होती. सर्जनचा मेसेज आला, “गुड टु गो.” काकूंनी तो दोनदा वाचला आणि डोळे पुसले.

ऑपरेशन नीट झालं. काकूंचा फोन आला. म्हणाल्या, “देवाने ऐकलं.”

ऐकलं असणार. फक्त आधी दार नीट लावावं लागतं.