मोहरीच्या गोष्टीतली दारं

शहापूरजवळच्या आमच्या वस्तीत पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते काम माझ्याकडे आलं. मी पतपेढीत हिशेब लिहायचो, आणि आकडे न चुकणारा माणूस अक्षरंही चुकणार नाही असा वस्तीचा समज होता. मी एकही ओळ न गाळता वाचायचो. भाताच्या लावणीवरून आलेल्या बाया भिंतीला टेकून झोपायच्या, तेही एकही दिवस न चुकवता.

मग मी मुलीसाठी कल्याणहून आणलेलं रंगीत पुस्तक नेलं. बुद्धाच्या गोष्टी, पानभर चित्र, खाली दोन ओळी. वाचायचं आणि पुस्तक फिरवून सगळ्यांना दाखवायचं. झोप उडाली. पण चित्रकारावर विसंबणं मला जमेना. बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ; यानं त्याला पारंब्या काढलेल्या. मी ती चूक दाखवून दिली.

"बसलाय ना झाडाखाली? मग वाचा पुढं," पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली.

एका संध्याकाळी मोहरीची गोष्ट आली. मेलेलं मूल कडेवर घेऊन एक आई औषध मागत फिरते. बुद्ध सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. असं घर सापडत नाही, आणि मरण कुणालाच चुकत नाही हे तिला उमगतं. चित्रात ओळीनं घरं होती. प्रत्येक दार अर्धं उघडं, आणि दारातली बाई मान हलवून नाही म्हणतेय.

मी अनित्यतेचं विवेचन तयार करून गेलो होतो. ते राहिलं. पोर कवटाळून बाई दारात उभी आणि तिला कुणी आत घेत नाही, पाणी विचारत नाही, हे कसलं गाव, यावर बायांनी गदारोळ केला. मूळ ग्रंथात अर्ध्या दारांचा उल्लेख नाही, असं मी सांगून पाहिलं. आपल्यात असं होत नाय, असा म्हातारीनं निकाल दिला.

पायरीजवळ एक बाई बसली होती. उन्हाळ्यात तिचा शाळकरी मुलगा काविळीनं गेला होता. जलदानविधीला सगळी वस्ती जेवली होती. नंतर लावणी आली आणि तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. मीही नाही.

"तिला अर्धं तरी दार उघडलं," ती म्हणाली. "माझ्या दारात कोण आलंय, सांगा ना गो."

एकाएकी सगळ्यांना घरची कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर पोचलो तर विहारात कुणी नाही, आणि तिथंच ठेवलेलं पुस्तकही नाही. वाचनात खंड पडणं मला पटणारं नव्हतं, म्हणून शोधत निघालो. सगळ्या जणी त्या बाईच्या ओट्यावर होत्या. तिच्या घरचा चहा म्हातारीच गाळत होती. मधे पुस्तक, तेच पान उघडलेलं. पुढची गोष्ट वाचू का, असं मी विचारलं.

"थांबा हो, भाऊ," ती बाई म्हणाली आणि चित्रातल्या आईच्या कडेवरच्या पांढऱ्या गाठोड्यावर तिनं बोट ठेवलं. "याचं तोंडच नाय काढलं."

मी जवळून पाहिलं. खरंच नव्हतं. मुलांच्या पुस्तकात काढत नसतील, असं काहीतरी मी म्हणालो. तोवर ती म्हातारीकडे वळून आपल्या पोराचं तोंड कसं होतं ते सांगू लागली होती. भुवईवरची खोक, पुढचा तुटका दात. तो दात आमच्याच आवारातल्या चिंचेवरून पडून तुटला, असं दुसरी मधेच म्हणाली. मी ओट्याच्या कडेला जागा करून बसलो. वाचन त्या दिवशी झालं नाही.