कंबरेएवढी अंबाडी

जे सांगायला बसले आहे ते नवऱ्याला ठाऊक नाही. मुलीलाही नाही. जिला सांगायला हवं होतं ती, माझी आई, आता नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बातम्या नीट केल्या. कोण, कुठे, केव्हा, कुणी सांगितलं. ही एक मात्र कधी टेबलावर घेतली नाही. तेव्हा आधी साधे तपशील देते. ते मला जमतं.

ठिकाण अबुधाबी. नव्वदचं दशक संपत आलेलं. एका जुन्या व्हिलाचे भाग पाडून ते पाच कुटुंबांना भाड्याने दिले होते. मागच्या बाजूला, तळमजल्यावर, आम्ही. भिंतीला भिंत लागून वृषाली आणि किशोर. किशोर एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट इंजिनीअर, वृषाली एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ती मालवणकडची, मी अकोल्याची. माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. आम्हा दोघींच्या दारांसमोर एकच अंगण होतं. मधे सिमेंट, आणि कुंपणाच्या भिंतीला लागून वाळूचा एक पट्टा.

त्या वाळूची तिने माती केली. असं वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी कापलं असतं. पण तसंच घडलं.

मीना बंदरावरच्या मासळीबाजारातून आलेल्या सुरमईचं डोकं आणि आतडी ती बादलीत घालायची, वर खजुराचा पाक ओतायची आणि झाकून ठेवायची. काही आठवड्यांनी त्याचं तपकिरी पाणी व्हायचं. ते चमचाभर घेऊन बादलीभर पाण्यात. अंड्यांची टरफलं भाजून व्हिनेगरमध्ये. तांदळाचं धुवण आंबवून. शेळ्यांच्या बाजारातून पोत्याने लेंड्या यायच्या. वर खजुरीच्या झावळ्यांचं आच्छादन, म्हणजे ऊन थेट मातीला लागणार नाही. विकतचं खत एक दाणाही नाही. "ताई, झाडाला नाही, मातीला जेवू घालायचं. झाडाचं काय ते माती बघते," असं ती म्हणायची. आणि पाणी एसीतून ठिबकणारं. तिने माझ्याही एसीला नळी लावून घेतली. विचारायला आली तेव्हा म्हणाली, "तुमचा एसी दिवसभर रडत असतो हो. त्याचे अश्रू मला द्या."

तिसऱ्या वर्षी त्या पट्ट्यात हात घातला की तो मनगटापर्यंत आत जायचा. खाली थंड, काळं, ओलसर. गांडुळं सुद्धा आली होती. कुठून आली कोण जाणे. कढीपत्ता, अळू, वाल. सगळं असं वाढायचं की आपण वाळवंटात राहतो ह्याचा विसर पडावा. माझ्या दारातल्या कुंडीत त्याच काळात तीन तुळशी मेल्या.

मग तेव्हापासूनच मी जळत होते का? प्रामाणिकपणे सांगते, नाही. कढीपत्ता फुकट मिळत होता. जळायला तोवर काही कारण नव्हतं.

त्या हिवाळ्यात आई आली. व्हिजिट व्हिसावर, पहिल्यांदाच विमानात बसून. माझी आई शेतात वाढलेली, कमी बोलणारी, कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष बाई. मी बी.ए.ला पहिली आले तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं." नोकरी लागली तेव्हाही तेच. आता माझं घर बघेल, माझं नाव छापलेला पेपर बघेल... मी काय काय ठरवलं होतं. आल्याच्या दिवशी तिने बॅगेतून एक रुमाल काढला. त्याच्या कोपऱ्याला गाठ होती. गाठीत अंबाडीचं बी.

"तुह्यासाठी आणलं," ती म्हणाली. "लहानपणी लय खायची तू."

हे वाक्य वगळलं असतं तर बातमी एकतर्फी झाली असती, म्हणून लिहिते. ती माझ्यासाठीच घेऊन आली होती. आणि मी काय म्हणाले? "आई, विमानतळावर पकडलं असतं म्हणजे? काय म्हणाले असते लोक? ठेव ते आत." तिने ते आत ठेवलं.

मी दुपारी कामावर जायची, रात्री परतायची. दिवसभर आई एकटी. दुसऱ्याच आठवड्यात ती एकटी राहिली नाही. वृषाली शाळेतून आली की आई अंगणात. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून, लुगडं आवरून, कोपरापर्यंत हात मातीत. एकदा सुट्टीच्या शुक्रवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आईने मूठभर माती नाकाशी धरली होती.

"आपल्या वावरावानी वास येते," ती म्हणाली.

"काकू, मासळीचा येत असेल," वृषाली म्हणाली.

आणि आई हसली. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. माझ्या मुलीने, रेवाने, नाक धरून "आजी, इट स्टिंक्स" म्हटलं, तर आणखीच हसली. मी चाळिशीला आले होते. आईला तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं होतं? खूप आठवून पाहिलं. अजूनही पाहते.

आई वृषालीला 'पोरी' म्हणायची. मला सुलभा.

परत जायच्या आदल्या दिवशी आईने रुमालाची गाठ सोडली ती वृषालीच्या ओंजळीत. माझ्यासमोर. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण तिने खुलासा केला. "तुह्या हातानं काही जगत नाही, सुलभा. हिच्या हातानं जगते." त्यात टोचणं नव्हतं. आज आभाळ आलंय म्हणावं तसं ते तिच्यासाठी साधं निरीक्षण होतं. म्हणूनच ते गेलं ते खोल गेलं.

विमानतळावरून परत येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड वळवून बसले. नवऱ्याला वाटलं, आई गेली म्हणून.

अंबाडी आली. वृषालीने ती खाल्लेली तर सोडाच, पाहिलेलीही नव्हती. ती रोज मला बोलवायची. "ताई, हे बघा, आता पानाला बोटं फुटली." तुम्ही पाहिली आहे अंबाडी? खालची पानं साधी असतात, पण झाड वर चढू लागलं की पानाची पाच-सात लांब बोटं होतात, कडेला दातेरी. दुरून पाहिलं तर हुबेहूब गांजा. आमच्याकडे पोरंसुद्धा त्यावरून चेष्टा करतात. मला हे माहीत होतं. वृषालीला नव्हतं. मी तिला सांगितलं नाही, की बाई, हे जरा आडोशाला लाव. सुचलं नाही असं म्हणू का? सुचलं होतं. ती कुंपणालगतची उंच रांग बघताना एकदा मनात आलं होतं. मग मी आत गेले होते.

मे महिन्यात, शाळेला सुट्टी असलेल्या एका गुरुवारी सकाळी बशीरभाई आले. ते मालकाचे व्यवस्थापक. मल्याळी, सज्जन, सगळ्यांच्या एसीची आणि गळक्या नळांची काळजी वाहणारे. त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला होता, त्याने खिडकीतून पाहून त्यांना सांगितलं होतं.

"मॅडम, ये क्या लगाया तुमने? ऊपरवाला बोलता है हशीश है. शुर्ता आएगा तो पहले मेरे को पकड़ेगा!"

शुर्ता म्हणजे पोलीस. आणि त्या देशात हशीश ह्या एका शब्दावर माणसाचं काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुरुंग, मग देशाबाहेर. आमच्या पेपरात अशा बातम्या आतल्या पानावर चार ओळींत यायच्या. त्या चार ओळी मीच नीट करायची.

वृषाली आधी हसलीच. "अहो, भाजी आहे. सब्जी है, बशीरभाई! खट्टा. ये देखो." तिने एक पान तोडून तोंडात टाकलं आणि दुसरं त्यांच्यापुढे धरलं. ते साप पाहिल्यासारखे मागे सरले. खाईल कोण? आणि जिच्यावर संशय तिच्या सांगण्यावरून? मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते.

"ताईंना विचारा. इनके गाँव का है. इनकी आई ने..."

आणि ती थांबली.

ती का थांबली हे मला त्याच क्षणी कळलं. पुढचं वाक्य उच्चारलं असतं तर ते बी माझ्या आईने बॅगेतून आणलं हे बाहेर आलं असतं. तिने माझ्या आईला त्यातून बाहेर ठेवलं. वाक्य अर्धं सोडून.

बशीरभाई माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम पेपर में है. तुम बोलो. ये क्या है?"

काय करायचं होतं मला? एक पान तोडून तोंडात टाकायचं. 'अंबाडी आहे, बशीरभाई, मी ह्यावर वाढले' एवढं म्हणायचं. माझ्या शब्दाला तिथे वजन होतं. वृषाली वाट बघत होती. काळजीनेसुद्धा नाही, खात्रीने. आणि मला त्या क्षणी काय दिसत होतं सांगू? आईची ती मूठभर माती. नाकाशी धरलेली.

मी म्हणाले, "पक्का नहीं बोल सकती."

खोटं बोलले नाही, बघा. आरोप केला नाही. आमच्या धंद्यात हे रोजचं वाक्य आहे. दुजोरा नसेल तर छापायचं नाही. मी आयुष्यभर हाताखालच्या नव्या मुलांना तेच शिकवत आले. ह्या एका गोष्टीला दुजोरा देऊ शकणारी त्या शहरात बहुधा मी एकटी होते.

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि गॅसवर चहा ठेवला. साखर घातल्याचं आठवतं.

"शाम तक खलास करो, मॅडम. मिट्टी भी. नहीं तो मैं फोन करेगा. मेरा भी बच्चा लोग है," बशीरभाईंचा आवाज खिडकीतून आला. त्यांना दोष कसा देऊ?

किशोर दुपारी साइटवरून तसाच आला, सेफ्टी बूट घालून. त्याने बायकोला एक शब्द विचारला नाही. एकेक झाड मुळासकट उपटलं. मुळांना ढेकळं चिकटून आली आणि त्यांतून गांडुळं लोंबत होती. मग त्याने फावड्याने सगळा पट्टा उकरला. बी सांडलेलं असलं तर परत उगवेल, ही भीती. कढीपत्ता, अळू सगळं त्यातच गेलं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून ते कंपनीच्या पिकअपमधून मुसाफ्फाच्या कारखान्यांपलीकडे कुठेतरी नेऊन ओतलं. ऊन इतकं होतं की ती माती वाळू व्हायला एक दिवसही पुरेसा झाला असेल.

तेवढ्यावर थांबलं नाही. अशा गोष्टी थांबतात का? वरच्या भाडेकरूने कुणाला सांगितलं, त्याने शाळेतल्या कुणा पालकाला. मराठी मंडळींच्या जेवणात एकाने हसत विचारलं, "काय हो, तुमच्या शेजारणीचा माल कसा होता?" सगळे हसले. मला विचारलं, खरं काय? मी म्हणाले, मला नक्की माहीत नाही. तिथे तर बशीरभाई नव्हते, पोलीस नव्हते. तरीही.

वृषालीने सत्र संपताच शाळा सोडली. किशोरने बदली मागून घेतली, दुबईकडे, जबल अलीला. टेम्पोत सामान चढल्यावर ती माझ्या दारात आली. मी मनाची तयारी करून उभी होते. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली,

"काकूंना एवढंच सांगा, अंबाडी कंबरेएवढी आली होती."

माझ्या एसीची नळी तिने काढून, गुंडाळून दाराशी ठेवली होती. त्यानंतर ते पाणी थेट सिमेंटवर पडायचं. दिवसभर आवाज यायचा. आम्ही पुढे दोन वर्षं त्या घरात काढली.

आता राहिलं ते. इथवर आले ते ह्यासाठीच. वरचं सगळं कदाचित तुम्ही समजून घ्याल. माणूस एका क्षणी गोठतो, भितो, वगैरे. पण हा क्षण नव्हता. वृषाली गेली त्याच आठवड्यात मी सावकाश फोनकार्ड खरवडलं, नंबर लावला, शुक्रवारच्या सवयीने खुर्ची ओढून बसले. भीती कसलीच नव्हती. पलीकडे फक्त आई होती.

तिने रेवाची चौकशी केली, उन्हाळ्याची केली. मग विचारलं, "त्या पोरीची अंबाडी आली काय?"

मी म्हणाले, "नाही. उगवलीच नाही."

लाइनवर खरखर होत होती. मला वाटलं फोन तुटला.

"तिच्या हातानं नाही उगवली म्हणजे..." आई म्हणाली. मग, "बी जुनं असन माह्यं. उगाच दिलं तिले."

मी म्हणाले, "हो. जुनंच असेल."