कड्यावरची उडी

सिनेमाचं काहीही विचारा, आमच्या गल्लीतला तो पोरगा आधी मांडीवर थाप मारायचा, मग सांगायचा. चहाच्या गाड्यावर तर हटकून म्हणायचा, "कड्यावरनं उडी हिरोची न्हाय पावणं, आमच्या गल्लीतल्या मामांची हाय!" त्या उडीत मामांचा पाय गेला, पडद्यावर नाव मात्र कधीच आलं नाही.

आता तो टीव्हीवर सिनेमाचा जाणकार म्हणून बसतो. काल शेजारी त्याच हिरोचा मुलगा होता, आणि निवेदिकेनं नेमकं त्या उडीबद्दल विचारलं. मामांच्या घरात आम्ही टीव्हीसमोर सरसावून बसलो. त्याचा हात मांडीपर्यंत येऊन थांबला.

"हिरोंनी स्वतः मारली," तो म्हणाला.

आज तो गल्लीत आला. मी जाब विचारायला उठलो, तर मामांनी मला खाली बसवलं.

"आसू दे की रं," ते त्याला म्हणाले. "तुझा तरी पाय शाबूत ऱ्हाऊ दे."