लाल गाडीवाल्या बाई

आमच्या मामांना जुन्या गाड्या दुरुस्त करायचं वेड. फोनवर परक्यांना सल्ले देताना जिभेवर साखर, घरात मात्र हूं की चूं नाही. लाल गाडीवाल्या एक बाई तर रोज दुपारी फोन करायच्या. परवा मी गॅरेजमध्येच होतो. मामांचे हात ग्रीसने माखलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"घाबरू नका ताई, कार्बोरेटर उघडून साफ करा," मामा सांगत होते. मला बाईंचा आवाज ओळखीचा वाटला. तेवढ्यात फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली, आणि तीच आमच्या स्वयंपाकघरातूनही आली.

मामा आत धावले. ओट्यापाशी शेजारणीचा फोन धरून मामी उभी होती.

मामा कसंबसं म्हणाले, "मला तुझा आवाज कसा ओळखू आला नाही?"

"ओळखणार कसा? कधी ऐकलाय?"